‘सुरक्षित स्थळी’ म्हणजे नेमकं कुठं?



धरणातून पाणी सोडलं की मोबाईलवर येणारा मेसेज आता आपल्याला तोंडपाठ झालाय. विसर्ग इतके क्युसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, नदीपात्रातील पंप, अवजारे व जनावरे तात्काळ सुरक्षित स्थळी हलवावीत. पवना असो, आंद्रा-वडिवळे असो, भामा-आसखेड असो. धरण बदलतं, आकडा बदलतो, मजकूर तोच. मेसेज येतो ही चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण त्यातल्या दोनच शब्दांशी आहे: सुरक्षित स्थळी.

हे स्थळ कुठंय? त्याचा गट नंबर काय? गेटची चावी कुणाकडं असते? माणसांपुरतं उत्तर मिळतं, झेडपीची शाळा नाहीतर एखादं मंगल कार्यालय. मोटारीचं उत्तर आपलं आपण शोधतो, चार पोरं लावून वर ओढतो आणि ट्रॉलीत टाकतो. जनावरांचं उत्तर विचारा, मग बघा. तलाठी म्हणतो ग्रामसेवकाला विचारा, ग्रामसेवक म्हणतो पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, आणि डॉक्टर साहेब बिचारे म्हणतात आमच्याकडं लस आहे, जागा कुठनं आणू?

आणि मग दर पुरात तेच एक वाक्य ऐकायला मिळतं, “लोक ऐकत नाहीत, घर सोडत नाहीत.” टीव्हीवर पण तेच. गावातली माणसं हट्टी, अडाणी, पाण्याची मजा बघत बसतात. मला याचा राग येतो. ज्याच्या दावणीला सहा गाई आहेत, त्यातली एक आठ दिवसांवर विणार आहे आणि डेअरीचं कर्ज डोक्यावर आहे, तो माणूस पिशवी उचलून शाळेत जाऊन झोपेल असं कुणाला वाटतं? बायको-पोरांना पाठवतो आणि आपण गोठ्यात थांबतो. हा हट्ट नसतो, हिशेब असतो. शासनाच्या योजनेत गाईला जागा नाही म्हणून गाईचा मालक बाहेर निघत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. मागं राहिलेल्या माणसाला शेवटी रात्री नावेनं काढावं लागतं. नाव म्हणजे काय असतं ते सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळनं ८ ऑगस्ट २०१९ ला दाखवलंय. गावचीच नाव, जास्त माणसं, आणि १७ जीव गेले.

आता निवारा म्हणजे काय, तेही सांगतो, कारण ज्यांनी बघितला नाही त्यांच्या डोक्यात काहीतरी वेगळंच चित्र असतं. २५ जुलै २०२४ चा पाऊस आपल्या पट्ट्यात कुणी विसरलेला नाही. मुळा-पवनेनं सांगवी, दापोडी, पिंपरीच्या खालच्या वस्त्या धरल्या, महापालिकेनं माणसं शाळांमध्ये हलवली. त्याच दोन दिवसांत आमची इंद्रायणीकाठची वस्तीही एका शाळेत होती. शाळेचं नाव घेत नाही, मास्तरांनी त्यांच्या परीनं केलं. पण पहिल्या रात्रीचा अनुभव असा: लाईट नाही, बाकडी एकावर एक रचलेली, खाली थंडगार फरशी, एका वर्गात चाळीसच्या आसपास माणसं, आणि खिचडी आली ती रात्री साडेदहाला. पोरं रडून रडून झोपलेली. संडास होते, पण बारक्या पोरांच्या मापाचे आणि टाकीत पाणी नाही. बाया पहाटे चारला उठून एकमेकींना घेऊन जायच्या. गेटवर एक साहेब होते, त्यांनी शेजारच्या आजीच्या दोन शेळ्या आत घेऊ दिल्या नाहीत. आजी रात्रभर गेटबाहेर पत्र्याखाली शेळ्यांना धरून बसली. तिला आत ये म्हणून सगळे सांगत होते. ती नाही आली.

हे सगळं नशीब म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याचं कलम १२ म्हणतं की निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचं किमान प्रमाण ठरवून द्यायचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ते २०१६ मध्ये ठरवूनही दिलं. माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. माणशी रोज ३ लिटर पिण्याचं पाणी. ३० माणसांमागं एक संडास, बायांचे वेगळे. मोठ्या माणसाला दिवसाला २,४०० कॅलरी, लेकरांना १,७००. आता गणित करा. वर्गखोली ५०० चौरस फुटांची धरली तर ४६ चौरस मीटर होतात. म्हणजे १३ माणसं. आम्ही चाळीस होतो. कॅलरीचं तर बोलायलाच नको, साडेदहाच्या खिचडीत कॅलरी मोजायला उजेड कुणाकडं होता?

हे आकडे लिहून घ्या, पुढच्या बैठकीत उपयोगी पडतात. नियम माहीत आहे म्हटल्यावर समोरच्याची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

दुसरा राग मला त्या याद्यांचा आहे. जून आला की फॉरवर्ड सुरू होतात: निवाऱ्यात जाताना सोबत काय न्यावे. टॉर्च, बिस्किटं, पाण्याची बाटली, महत्त्वाची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. चूक काही नाही, पण लिहिणारा चौथ्या मजल्यावर राहतो हे लगेच कळतं. आपल्यासाठी यादी वेगळी लागते. मी काय नेईन ते सांगतो.

पहिलं अंथरूण. गोधडी हवीच, पण तिच्याखाली टाकायला काहीतरी पाणी न धरणारं हवं. मल्चिंग पेपरचा उरलेला तुकडा असतो ना शेडमध्ये, तो धुवून गुंडाळी करून ठेवा. ताडपत्रीपेक्षा हलका, फरशीची ओल वर येऊ देत नाही. खाण्याचं म्हणाल तर पहिली रात्र आपली आपण काढायची असं धरूनच निघा. भाकरी दोन दिवस टिकते, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे. बिस्किटाच्या पुड्यांनी पोरांचं पोट भरत नाही, तहान वाढते. पाण्याचा २० लिटरचा जार प्रत्येक घरात असतोच, तो भरून न्या. एक बादली आणि तांब्या नक्की न्या, कारण संडासात नळ असला तरी त्याला पाणी असेलच असं नाही. बायांसाठी पॅड आणि एक जादा गडद साडी किंवा चादर, आडोशाला. आडोसा शासन देत नाही.

औषधं पंधरा दिवसांची, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. इन्सुलिन घेणारं कुणी घरात असेल तर छोटं मडकं आणि ओलं फडकं, त्यात बाटली ठेवली तर फ्रीज नसताना गारवा राहतो. पुराच्या पाण्यातून चालत आला असाल आणि पायाला चिरा-जखमा असतील तर आरोग्य पथकाला ते स्वतःहून सांगा. लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि जखमेतून शिरतो. गोळी कुणाला आणि किती हे डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही सांगितलंच नाही तर ते तरी काय करणार.

कागदपत्रांचं एक सांगतो. सातबारा गळ्यात बांधून नेऊ नका, तो डिजिटल सहीचा कधीही निघतो. जे परत निघायला त्रास होतो ते न्या: जुनं खरेदीखत, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, विम्याची पावती. आणि एक गोष्ट जी कुठल्याच यादीत नसते, ती म्हणजे जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर. बारा आकडी नंबर आहे. प्रत्येक जनावराचा असा फोटो काढा की तोंड, अंगावरचे पट्टे आणि बिल्ला एकत्र दिसेल, आणि तो फोटो पोराच्या, मेव्हण्याच्या, कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा. १ जून २०२४ पासून राज्यात नियम आहे की बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई मिळणार नाही. पूर येतो तेव्हा जनावर वाहून जातं, बिल्ला पण त्याच्याबरोबरच जातो. मग पंचनाम्याला दाखवणार काय?

भरपाईचा आकडाही ऐका. केंद्राच्या निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १०० रुपये. तेही मोठी दुभती जनावरं तीनच धरायची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं सोलापूर-धाराशिवकडं जे केलं, त्यानंतर राज्यानं तीनची अट त्या वेळी काढली. पण चांगली दुभती एचएफ आज लाखाच्या आसपास जाते. सीनाकाठच्या त्या गोठ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी बघितले, ओळीनं पडलेल्या गाई, गळ्यातलं दावं तसंच. म्हणून हात जोडून सांगतो, न्यायला वेळच राहिला नाही तर निदान दावं सोडा. गाठ ओली होऊन सुटत नसेल तर विळ्यानं कापा. गोठ्याचं फाटक उघडं टाका. मोकळं जनावर पोहत कुठंतरी लागतं, बांधलेलं जागेवर मरतं.

इथं एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, कारण आपण राहतो चाकणच्या पट्ट्यात. पुराला काही तास मिळतात, वायूला मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या पोहण्याच्या तलावावर क्लोरीन सुटला तेव्हा माणसं थेट दवाखान्यात गेली. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो. त्यामुळं असलं काही झालं तर पिशवी, कागद, जनावर काहीही घेत बसू नका, वारा कुठनं येतोय ते बघून त्याला आडवं चाला आणि उंचावर जा. नाका-तोंडावर ओलं फडकं धरा. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणं मोठ्या धोक्याच्या कारखान्यानं आसपासच्या लोकांना धोका काय आणि तेव्हा काय करायचं हे आधी सांगायचं असतं. तुमच्या वस्तीला कुणी येऊन सांगितलंय का? नसेल तर ग्रामपंचायतीतून पत्र द्या. बाकी आजचा विषय पुराचा, तिकडंच परत येतो.

जनावरांसकट माणसं हलवणं हे काही स्वप्न नाही. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं बघा. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला वरच्या बाजूला जागा दिली. पंचगंगा चढायला लागली की तिथली माणसं म्हशी घेऊन सोनतळीला निघतात. तिथंही सगळं गुळगुळीत आहे असं मी म्हणत नाही, भूखंडांचे वाद वर्षानुवर्षं चाललेत. पण म्हशीवाल्याला माहीत असतं की कुठं जायचं. त्या एका माहितीनं माणूस वेळेत गोठा सोडतो.

आपल्याकडं काय झालं? गायरानं होती. उंचावर, मुरमाड, पाणी न थांबणारी. त्यातली किती कुठं गेली हे मी सांगायची गरज नाही, निघोजे-महाळुंगेच्या रस्त्यानं एकदा जाऊन या. जमीन गेली, रस्ते झाले, गोडाऊन झाली, कंटेनर उभे करायला एकेकाकडं दहा-दहा एकरचं काँक्रीटचं यार्ड झालं. नदीकाठ मात्र शेतकऱ्याच्या आणि भाड्याच्या खोल्यांतल्या कामगाराच्या वाट्याला राहिला. म्हणजे उंच जागा त्यांच्याकडं आणि मेसेज आमच्याकडं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. आपत्ती कायद्याचं कलम ६५ बचावासाठी जागा आणि वाहनं ताब्यात घ्यायचा अधिकार देतं, पुढचं कलम ६६ त्याचा मोबदला द्यायला सांगतं. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी मे महिन्यातच प्रत्येक नदीकाठच्या गावामागं एक यार्ड किंवा शेड कागदावर नेमून टाकावं. फुकट कुणी मागत नाही. चार दिवसांचं भाडं कितीसं होणार? कंपन्यांचा सीएसआर शाळेला रंग देण्यात आणि झाडं लावून फोटो काढण्यात जातो, त्यातला थोडा इकडं वळवला तर दोन पाण्याच्या टाक्या आणि दावण होते.

चाऱ्याला पैसा नाही हे कारण कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. केंद्राच्या मदतीच्या निकषात छावणीतल्या मोठ्या जनावराला दिवसाला ८० रुपये आणि लहानाला ४५ रुपये धरलेले आहेत, चारा, पाणी, औषध सगळं मिळून. छावणी फक्त दुष्काळातच उघडायची असं तिथं लिहिलेलं नाही. माण-सांगोल्याकडं चारा छावण्या आपण बघितल्या, महिनोन्‌महिने चालल्या. पाणी नाही म्हणून छावणी होते, मग पाणी जास्त झालं तर का होत नाही? ८० रुपयांत दुभत्या गाईचं भागत नाही हे मलाही कळतं. पण शून्यात तर त्याहून भागत नाही.

आणि यार्ड नाही मिळालं तर आणखी एक जागा आपल्या गावोगाव आहे, आपल्याला ती दिसतच नाही. बैलगाडा घाट. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, बहुतेक गावात घाट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी दिल्यापासून तर घाट झकास दुरुस्त झालेत. घाट उतारावरच असतो, वर पाणी थांबत नाही, टेम्पो जायला रस्ता असतो. शर्यतीच्या दिवशी शेकडो बैल येतात, टँकर असतो, मांडव असतो, जनावरांचा डॉक्टर असतो, आणि हे सगळं गावची पोरं आठवड्यात उभं करतात. आळंदी-देहूचं बघा, वारीला लाखो माणसं आणि त्यांच्यासाठी फिरते संडास, टँकर, आरोग्य पथकं याच जिल्ह्याचं प्रशासन दरवर्षी उभं करतं. जमत नाही असं म्हणायला जागाच कुठंय?

पशुसंवर्धनच्या मित्रांना तीन-चार गोष्टी. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी झालीच पाहिजे. वेगवेगळ्या गोठ्यांतली जनावरं एका जागी आली की तिथं रोग पसरायला वेळ लागत नाही, आणि उशिरा दिलेली लस त्या आठवड्यात कामाची नसते. मोठ्या जनावराला रोज ४०-५० लिटर पाणी लागतं. शंभर जनावरं म्हणजे चार-पाच हजार लिटर, म्हणजे रोज एक टँकर, हे लिहूनच ठेवा. भुकेल्या जनावराला एकदम ओला हिरवा चारा पडला की पोट फुगतं, म्हणून आधी कडबा. ज्यांच्याकडं मुरघासाच्या बॅगा आहेत त्यांनी दोन-चार बॅगा उंचावर ठेवाव्यात, पावसात कडबा भिजतो, बॅग भिजत नाही. आणि धारा. निवाऱ्यातल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ गोठ्यापर्यंत सोडलं पाहिजे. दोन वेळा धार चुकली की कासेला दगडी धरतो आणि गाय पुरातून वाचून पुढच्या आठवड्यात वाया जाते. अडचण आली तर जनावरांसाठी १९६२, माणसांसाठी १०८, आणि जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. हे तीन नंबर गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं लिहा, मोबाईलची बॅटरी उतरली तरी भिंत राहते.

१ मेला ग्रामसभा असते. विषयपत्रिकेत दरवर्षी वृक्षारोपण असतंच, त्याच्या वर एक ओळ घालायची: पूर आल्यास जनावरांच्या निवाऱ्याची जागा, गट नंबर, चावी धारकाचं नाव आणि पाण्याच्या टँकरची सोय. ठराव झाला की एक प्रत तहसीलदारांना, एक पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला, आणि दोन्हींची पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. पुढच्या वर्षी तो धरणाचा मेसेज आला की त्याच्याखाली गावाच्या ग्रुपवर आपणच लिहायचं: सुरक्षित स्थळ म्हणजे अमुक घाट, चावी अमक्याकडं.

मागच्या बैठकीत एकानं मला विचारलं, एवढी जनावरं यार्डात नेली तर शेणाचं काय, मालक ओरडेल. त्यांना माझा निरोप द्या. शेण आम्ही शेवटच्या पाटीपर्यंत उचलून परत नेऊ. शेणखताच्या ट्रॉलीला आज काय भाव आहे ते माहीत असतं तर यार्डवाल्यानंच ते ठेवून घेतलं असतं.